‘कांचनगंगा सर केली’ म्हणताना

भिवापूरसारख्या सपाट मुलखात हिमालयावर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. पण आपल्यापैकी बहुतेकांना हिमालय भेटतो तो वाचण्यातून. म्हणून तो मराठीत कसा लिहिला जातो, हे आपणच तपासलं पाहिजे. माझं म्हणणं असं की आपलं गिर्यारोहणाचं लेखन हिमालयाकडे गडाच्या नजरेनं बघतं, आणि त्यात खुद्द पर्वतच हरवतो.

शब्द बघा: मोहीम, चढाई, सर करणे, झेंडा रोवणे. सगळे लढाईचे. सह्याद्रीत ते शोभतात, कारण तिथले गड खरोखर लढून घेतले जात. आता तेच कांचनगंगेला लावून पाहू.

८,५८६ मीटर उंच, जगातलं तिसरं शिखर, नेपाळ आणि सिक्कीमच्या सीमेवर. तिबेटी वळणाच्या मूळ नावाचा अर्थ ‘महाहिमाचे पाच खजिने’ असा लावतात, कारण शिखरं पाच आहेत. पूर्वेला झेमू, नैर्ऋत्येला यालुंग अशा मोठ्या हिमनद्या तिथून निघतात. आपण नाव केलं ‘कांचनगंगा’. कानाला गोड लागतं, पण त्यात पाच खजिने उरले नाहीत आणि नसलेली गंगा आली. भिवापुरी मिरची दुसऱ्याच नावानं विकली तर आपल्याला चालेल का?

आता इतिहास. २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक पहिल्यांदा वर पोचले आणि माथ्याच्या काही फूट खाली थांबले. सिक्कीमच्या लोकांना तो पर्वत पवित्र, म्हणून माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द दिलेला होता. पुढच्या अनेक पथकांनी तो संकेत पाळला. १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याचं पथक ईशान्येच्या धारेनं चढलं. १९२९ आणि १९३१ मध्ये पॉल बाउअरच्या जर्मन पथकांना याच धारेवरून परतावं लागलं होतं. वर पोचले मेजर प्रेम चंद आणि नायक निमा दोर्जे शेर्पा. आता सांगा, जिथं मुद्दाम थांबणं हाच मान, तिथं ‘पादाक्रांत केलं’ हा शब्द कसा बसणार?

मे २०१९ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत या शिखरावर पोचले. हे यश मोठंच आहे, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. त्याच मोसमात त्याच पर्वतावर पश्चिम बंगालचे दोन गिर्यारोहक गेले, हेही त्या शेजारी लिहिलं जायला हवं. आणि दोर लावणारे, ओझी वाहणारे शेर्पा? आपल्या वृत्तांतांत ते बरेचदा ‘शेर्पांच्या मदतीने’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतात.

कोणी म्हणेल, पराक्रमाची भाषा नसेल तर देणगी कोण देणार? प्रश्न खरा आहे. संस्थांना पैसा लोकांकडूनच उभा करावा लागतो, त्यामुळे आवाहनाच्या पत्रकात नगारा वाजू द्या. पण पुस्तक म्हणजे पत्रक नव्हे. ते वाचून गावातलं एखादं पोर डोंगराच्या वाटेला लागतं. माघार म्हणजे हार, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं, तर वारा फिरल्यावर परत वळायचं कसं, हे त्याला कोण शिकवणार?

म्हणून पुढचं मोहिमेचं पुस्तक हातात घ्याल, तेव्हा आधी परत फिरण्याचं पान शोधा. ते नीट लिहिलेलं असेल, तर बाकीच्यावर खुशाल विश्वास ठेवा.