चिखलात उतरलेले विमान

युद्धपट पाहताना आमच्या घरात दोन तट पडतात. मुलाला विमाने हवी असतात आणि सौभाग्यवतींना वैमानिकाच्या बायकोचे काय झाले ते. 'द ब्रिजेस ॲट टोको-री' या १९५४ सालच्या अमेरिकन चित्रपटाने दोन्ही तटांना गप्प बसवले, म्हणून त्याच्याविषयी चार शब्द.

जेम्स मिचनरची मूळ लघुकादंबरी १९५३ सालची. त्याच वर्षी कोरियातले युद्ध थांबले आणि मार्क रॉब्सनने लगोलग चित्रपट केला. अमेरिकन नौदलाने खरी विमानवाहू जहाजे, खरी जेट विमाने चित्रणासाठी दिली. हलत्या जहाजावर उतरणारे विमान शेपटीच्या आकड्याने आडवी तार पकडते आणि गचकन थांबते. ती दृश्ये पाहताना खुर्चीचा हात घट्ट धरावासा वाटतो. पूल मात्र छोट्या प्रतिकृतींचे! त्या करामतीला ऑस्कर मिळाले, आणि ते योग्यच.

पण सरकारने जहाजे उसनी दिली की चित्रपटाची जीभ जड होते, असा माझा अनुभव. इथे ती झाली नाही याचे श्रेय मी विल्यम होल्डनला देतो. कादंबरीतला शेवट बदलायचा नाही, या अटीवर त्याने भूमिका स्वीकारली. त्याचा सख्खा भाऊ नौदलाचा वैमानिक. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली मारला गेला होता.

नायक ब्रुबेकर हा डेन्व्हरचा वकील. एक युद्ध लढून झालेले, तरी पुन्हा बोलावणे येते. मीच का, हे त्याला कळत नाही. ग्रेस केलीला काम थोडे; पण ते पूल कसे आहेत, असे ती नवऱ्याला धीर करून विचारते, तो प्रसंग साऱ्या बॉम्बफेकीहून भारी आहे.

पूल पडतात. मग विमानाला गोळी लागते आणि ब्रुबेकर शेतातल्या घाणेरड्या चरात मरतो. त्याला सोडवायला आलेला, हिरव्या टोपीचा मिकी रूनीही तिथेच. चित्रपट इथेच थांबायला हवा होता. त्यानंतर फ्रेडरिक मार्चचा ॲडमिरल, अशी माणसे येतात तरी कुठून, असा गहिवर काढतो. मार्च नट मोठा, पण त्या चिखलावर शाल पांघरलेली मला रुचली नाही.

खऱ्या कोरियात पाडलेले पूल पुन्हा पुन्हा दुरुस्त होत, हे मी मुलाला सांगितले.

"मग हे दोघे कशाला मेले?"

"त्या ॲडमिरलला विचार," स्वयंपाकघरातून त्याच्या आईने उत्तर दिले.