वहीची मागची पाने : कर्ज, संसार आणि मराठी कथनरूप

ग्रामीण कादंबरीवरील आपल्या समीक्षेत सावकार जितका दिसतो तितके कर्ज दिसत नाही. सावकार हे पात्र आहे. त्याला वेष आहे, आवाज आहे, ओसरीवरची बैठक आहे. त्यामुळे त्याच्याविषयी लिहिणे सोपे जाते. कर्ज ही मात्र अवस्था आहे. ती घरात मुक्कामाला असते, ताटात उतरते, नवराबायकोच्या बोलण्यातील विरामांत वावरते. कथनाला जप्ती हवी असते, लिलाव हवा असतो. कर्ज फेडण्याची लांबलचक, प्रसंगशून्य वर्षे त्याला नको असतात. ही वर्षे मराठी कथनात कोठे जातात, हा प्रश्न प्रस्तुत लेखात उपस्थित करावयाचा आहे. त्यासाठी कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे दोन अंतर्भागातील तालुके मी समोर ठेवले आहेत. समुद्र नसलेले हे कोकण कोकणविषयक साहित्यचर्चेत नेहमीच थोडे बाजूला राहिलेले आहे.

या भूभागाला एक समर्थ कादंबरीकार लाभला होता. र. वा. दिघे (१८९६–१९८०) यांनी पनवेलची वकिली सोडून खोपोलीजवळ शेती केली आणि ‘पाणकळा’ (१९३९), ‘सराई’ (१९४३), ‘आई आहे शेतात’ (१९५६), ‘पड रे पाण्या’ (१९५८) या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या लेखनातील अद्भुतरम्यता, निसर्गवर्णने, प्रादेशिकता यांची चर्चा पुष्कळ झाली. पहिल्या दोन शीर्षकांकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. पाणकळा म्हणजे पावसाळा आणि सराई म्हणजे पीक हाती आल्यानंतरचा हंगाम. भातशेतीच्या मुलखात ही दोन ऋतूंची नावे आहेत, तशीच ती कर्जाच्या दोन बाजूंचीही आहेत. आषाढात आवणी चालू असते आणि कणगी रिकामी होत आलेली असते. अंगमेहनत सर्वाधिक आणि घरातले धान्य सर्वांत कमी, अशी ही गाठ. या दिवसांत खाण्यासाठी घेतलेले धान्य म्हणजे खावटी. ती मार्गशीर्षात झोडणीनंतर वाढीदिढीने परत करावयाची. दिढीचा दर म्हणजे मणाला दीड मण. पाचेक महिन्यांचे व्याज पन्नास टक्के. पाणकळ्यात घ्यायचे आणि सराईत द्यायचे, हे या प्रदेशातील कालगणनेचे मूळ सूत्र होते.

बाख्तीनने कादंबरीतील काळ आणि अवकाश यांच्या परस्परगुंफणीला जे महत्त्व दिले, त्या दृष्टीने दिघ्यांकडे एक तयार कालावकाश होता. दस्तऐवज, ताबा, फैसला ही भाषाही वकिलीमुळे त्यांना पाठ होती. तरी त्यांच्या कथनाचा ओढा साहसाकडे आणि प्रीतीकडे राहिला. ऋतू शीर्षकात आला, त्याचा हिशेब संहितेच्या कडेला राहिला. हे मत थोडे कठोर आहे याची मला जाणीव आहे. १९४० च्या आसपास मराठी वाचकाला डोंगर, नदी आणि रान ज्या ताकदीने दिघ्यांनी दाखवले, तसे दाखवणारे फार थोडे होते. परंतु प्रदेश म्हणजे केवळ भूदृश्य नव्हे. कोण कोणाचे किती देणे लागतो, हाही प्रदेशच असतो.

येथे ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकाशी तुलना अपरिहार्य ठरते. एका दांपत्याने तुटपुंज्या मिळकतीत कर्जाशी केलेला झगडा इतक्या सलगपणे सांगणारे दुसरे लोकप्रिय मराठी पुस्तक नाही, आणि तरीही आपण ते ‘कर्जाचे पुस्तक’ म्हणून वाचत नाही. त्यातील एका रात्रीचे शीर्षक ‘तेल आहे, तर मीठ नाही!’ असे आहे. हे शीर्षक जमाखर्चाच्या नोंदीसारखेच दोन रकान्यांचे आहे. पण निवेदक मुलगा आहे. आईचे गणित त्याला गणित म्हणून दिसत नाही, त्याग म्हणून दिसते. वडिलांचे देणे त्याला देणे म्हणून दिसत नाही, अब्रू म्हणून दिसते. निवेदकाच्या या स्थानामुळे दांपत्याचे अर्थकारण पूर्णपणे नीतिकथेत रूपांतरित होते. शिवाय हे घर खोताच्या घराण्यातले आहे. अब्रूचे धिंडवडे निघायला आधी गावात अब्रूची नोंद असावी लागते.

ज्यांच्याकडे लिलावात काढण्यासारखे काहीच नाही, त्यांच्या कर्जाचे कथन कसे होईल? गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथातील लग्नगड्याची हकिकत या प्रश्नाचे उत्तर देते. लग्नासाठी पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात जमीनदाराकडे राबायचे; या बंधनात नवऱ्यापाठोपाठ बायकोही येते. साने गुरुजींच्या पुस्तकात कर्ज संसारात शिरते. येथे संसारच कर्जातून जन्माला येतो. हा फरक केवळ आशयाचा नाही. पहिल्या प्रकारात कथनाला ‘आधीचे बरे दिवस’ उपलब्ध असतात, ऱ्हासाचा आलेख काढता येतो. दुसऱ्यात ‘आधी’ नसतेच. त्यामुळे परुळेकरांचे निवेदन ऱ्हासाऐवजी जागृतीचा आलेख स्वीकारते, आणि ते स्वाभाविकच आहे.

परुळेकरांचे कार्यक्षेत्र डहाणू-तलासरीचे, म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्याचे. त्याच जिल्ह्याला लागून असलेल्या कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांत बंधनाचे रूप वेगळे आहे. पावसाळ्यात उचल घ्यायची, पाऊस सरला की वीटभट्टीवर जायचे, हंगामभर मालकाकडून आठवड्याची ‘खर्ची’ घ्यायची आणि शेवटी हिशेब करायचा. भट्टीवर मजूर एकटा मोजला जात नाही, जोडी मोजली जाते. ऊसतोडीत नवराबायको मिळून जसा एक ‘कोयता’ होतो, तसेच हे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. पण हिशेबाची वही कोणाच्या हाती, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हता. खर्ची मालकाच्या वहीत लिहिली जाते. जोडप्याला आपल्या संसाराचा आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. अशा ठिकाणी काटकसर हा शब्दच निरर्थक होतो. काटायला कसर आपल्या हातात तरी असावी लागते.

(‘खावटी’ या शब्दाचा प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. सावकाराच्या तोंडचा हा शब्द १९७८ पासून आदिवासींसाठीच्या शासकीय कर्जयोजनेचे नाव झाला आणि २०२० मध्ये कुटुंबामागे चार हजार रुपयांच्या ‘खावटी अनुदाना’त आला. कर्ज जाऊन अनुदान आले, शब्द मात्र तोच राहिला.)

याच भागातील भाई कोतवालांचे उदाहरण कथनाच्या निवडीविषयी बरेच काही सांगून जाते. माथेरानच्या या वकिलाने कर्जत तालुक्यातील शेतकरी धान्याच्या कर्जातून सुटावा म्हणून धान्यकोठीचा उपक्रम सुरू केला आणि गावोगाव शाळा चालवल्या. पुढे ते भूमिगत झाले, त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले. लोकस्मृतीत मनोरे आहेत, सिद्धगड आहे. कोठी नाही. मनोरा पडतो तेव्हा घटना घडते. कोठीतून पायलीभर भात एका घरात जातो आणि त्या घरातील नवराबायको त्या वर्षी दिढीत सापडत नाहीत, तेव्हा काहीच ‘घडत’ नाही. न घडलेल्या आपत्तीचे निवेदन करण्याचे तंत्र आपल्या कथनपरंपरेने फारसे कमावलेले नाही.

हा विचार मनात घोळत असतानाच एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या प्रकल्पासाठी आपल्या आईवडिलांची जमाखर्चाची वही आणली. कुटुंब कर्जत तालुक्यातील. वडील खोपोलीच्या बाजूला कंत्राटी कामाला, आई घरी शिलाई करणारी. घरबांधणी आणि पाठोपाठ आलेले एक आजारपण यांमुळे झालेले देणे फेडण्याची चार वर्षे या दोनशे पानी वहीत आहेत. ‘सर, आई विचारते, त्यात वाचायचंय काय?’ असे ती म्हणाली. प्रश्न रास्त होता.

वही उघडताना वर ‘श्री’. पुढच्या पानांवर रोजचा खर्च. देणे मात्र मागच्या पानापासून, वही उलटी धरून लिहिलेले. दोन्ही लेखने एकमेकांच्या दिशेने सरकत जातात. हस्ताक्षरे दोन. जी रक्कम वडील ‘घरात दिले’ अशी लिहितात, तीच आई ‘यांच्याकडून’ अशी लिहिते. एकाला घर ही देण्याची जागा आहे. दुसरीच्या वाक्यात घर नाहीच, ते गृहीत आहे, आहे तो नवरा, तोही नावाशिवाय. नवऱ्याचे नाव न घेण्याचा संकेत जमाखर्चातही पाळला जातो. क्रियापदे जवळजवळ नाहीत: मीठ, काडेपेटी, पास, दोरा. एके ठिकाणी वडिलांच्या अक्षरात ‘चहा बाहेर’ अशी नोंद आहे. ती खोडून आईच्या अक्षरात ‘इतर’ लिहिले आहे. भांडण झाले असेल, किंवा तिने त्यांना सांभाळून घेतले असेल. संहिता दोन्ही अर्थ शिल्लक ठेवते.

सर्वांत बोलकी जागा गणपतीची. रायगडात या सणाचे स्थान सांगायला नको. पहिल्या वर्षी ‘गणपती पाच दिवस’ अशी ओळ आणि खाली खर्च. दुसऱ्या वर्षी ‘गणपती दीड दिवस’. मधे स्पष्टीकरण नाही. घराण्याने पाळत आणलेले दिवस कमी करण्याचा निर्णय या दोघांनी कधी घेतला, घरातील वडीलधाऱ्यांना काय सांगितले, कोण आधी बोलले, यावर एक अख्खी कथा होऊ शकली असती. वहीत ती दोन शब्दांच्या फरकात आहे.

मात्र या वहीचे गौरवीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. ‘शिलाई’ ही नोंद जमेत नियमित येते. आईच्या औषधाची नोंद चार वर्षांत एकदाही येत नाही. विद्यार्थिनीनेच हे हेरले. आई आजारी पडली होती, हे तिला आठवत होते. म्हणजे खर्च झाला नाही, किंवा झाला आणि लिहिला गेला नाही. जी काटकसर आपण गृहिणीचा सद्गुण म्हणून वाचतो, ती एका शरीरावरून केलेली वजाबाकी असू शकते. ‘मादाम बोव्हारी’त एम्माच्या हुंड्या नवऱ्यापासून लपलेल्या आहेत, येथे सर्व उघड आहे, लपलेली आहे ती न झालेली मागणी. प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधील (१९३६) धनिया होरीशी कडाडून भांडते. वाचकाला हिशेबाची दुसरी बाजू कळते ती त्या भांडणामुळेच. मराठी ग्रामीण कादंबरीत अशा भांडणांना जागा पुष्कळ होती. तिच्या सोशिक स्त्रीप्रतिमेने ती अडवून ठेवली.

काटकसरीच्या या नैतिक वाचनामागे एक जुने गृहीतक आहे: कर्ज खर्चातून होते. लग्नकार्यांतील उधळपट्टीने शेतकरी बुडाला, हा युक्तिवाद एकोणिसाव्या शतकात सर्रास केला जाई. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) त्याचा समाचार घेतला आणि दृष्टी खर्चाकडून मिळकतीकडे, शेतसाऱ्याकडे आणि लुबाडणुकीकडे वळवली. फुल्यांचे हे गद्य आपण वैचारिक म्हणून शिकवतो; कथनमीमांसेला त्याच्याकडून घेता येण्यासारखी ही साधी पद्धत आपण घेतलेली नाही. श्यामच्या आईच्या काटकसरीने गहिवरणारा वाचक जमेच्या बाजूला काय होते हे विचारत नाही, आणि आमच्या वर्गांतही तो प्रश्न क्वचितच निघतो. देशीवादी समीक्षेने परंपरेतील रूपांचा शोध घेतला, हे तिचे श्रेय मोठे आहे. पण ओवी आणि कीर्तन यांच्यापाशी तो शोध थांबला. खतावणी, रोजकीर्द, चोपडी हीही देशी रूपेच होती, आणि त्यांत कोणाचा हात चालत होता हे विचारणे गैरसोयीचे होते.

विद्यार्थिनीने प्रकल्पाच्या शेवटच्या प्रकरणात ‘चौथ्या वर्षी कर्ज फिटले’ असे लिहिले होते. हे वहीत कोठे आहे, असे मी विचारले. तिने मागची पाने चाळली. शेवटच्या देण्यावर एक तिरपी रेघ होती, बाकी ओळींवर होती तशीच. पुढच्या बाजूला त्याच तारखेखाली मीठ, रॉकेल आणि पास. त्या वर्षीचा गणपतीही दीड दिवसाचाच होता.