हातावरचे पोट, पाठीवरची झूल : कामकरी जीवनाच्या कथनकालाविषयी

कामावर जगणाऱ्या माणसाच्या आयुष्याला आपण सहजपणे ‘चढउतारांचे आयुष्य’ म्हणतो. हा शब्दप्रयोग जरा थांबून तपासण्याजोगा आहे. चढ आणि उतार ही वाटेची भाषा आहे. तिच्यात कोठेतरी पोचणे गृहीत धरलेले असते. कष्टाने जगणाऱ्यांनी स्वतःच्या स्थितीसाठी जे शब्द वापरले त्यांत मात्र वाट फारशी नाही, कालगणना आहे. ‘हातावर पोट असणे’ या वाक्प्रचारात एका दिवसाचे माप आहे : आज हात चालला तर आज चूल पेटेल. ‘महिनाअखेर’ हा नोकरदाराचा शब्द. तो उच्चारताच खिशाची स्थितीही कळते आणि पगाराची तारीखही. ‘सुगी’ या शब्दाने सबंध वर्षाची वाटणी होते, आणि सुगीबाहेरचे महिने कसे काढायचे हा प्रश्न त्या वाटणीतच दडलेला असतो. काम करणारा माणूस आपला काळ कोणत्या मापाने मोजतो आणि त्याच्याविषयीचे साहित्य तो कोणत्या मापाने मोजते, या दोन मापांतील अंतराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मी भंडारा जिल्ह्यात मराठी शिकवतो. येथे ही तिन्ही मापे एकमेकांना खेटून नांदतात. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, वरठीचा पोलाद कारखाना, तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी येथे पाळी आणि पगार चालतो. आणि या सगळ्यांच्या भोवती धानाच्या बांध्या पसरलेल्या आहेत. कित्येक घरांत एक भाऊ पाळीवर, दुसरा बांधीत, आई विड्या वळणारी, अशी परिस्थिती राहिलेली आहे. अशा घरातून येणारा विद्यार्थी मराठी कादंबरी वाचतो तेव्हा तो नेमके काय वाचतो, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे.

आपल्या समीक्षेला कामगार दिसतो तो बहुधा आपत्तीच्या क्षणी. संप, टाळेबंदी, अपघात, आत्महत्या, उठाव यांना आपण ‘घटना’ मानतो. बाकीचा काळ ‘पार्श्वभूमी’ या सदरात ढकलतो. यात समीक्षा वर्तमानपत्राहून फार वेगळी वागत नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा हे नाव देशभर पोचले. त्याच कारखान्यात साठ वर्षे माणसे रोज सायकलीने आत गेली आणि बाहेर आली, या गोष्टीला कथानक नाही असे आपण समजतो. झेनेत या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ मध्ये कथनमीमांसा मांडताना, अनेकदा घडलेले एकदाच सांगणे हा कथनाचा स्वतंत्र प्रकार मानला. त्याला आपण आवर्ती कथन म्हणू. पारंपरिक कादंबरीत हे कथन प्रसंगाचे दास असते, प्रसंगाला उठाव देण्यापुरते येते, हे त्याचे निरीक्षण आहे. मराठी समीक्षेतही ते दासच राहिले. कामकरी माणसाचे बहुतेक आयुष्य आवर्ती असते. म्हणजे त्याचे बहुतेक आयुष्य आपल्या वाचनातून गळते.

नारायण सुर्वे यांचा विचार येथे थोडक्यात करता येईल, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांतील कामगार घोषणेच्या कवितेतल्यासारखा केवळ वर्गप्रतिनिधी राहत नाही, याचे कारण त्याचा दिवस कवितेत उतरतो. बोलीचा घरगुती सूर आणि संवादाची घडण ही त्या दिवसाचीच अंगे आहेत. पुढे जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने (१९९७) गिरणी संपानंतरचे घर दाखवले, तेव्हा तेथे भोंगाच उरला नव्हता. दिवसाचे माप काढून घेतल्यावर माणसे एकमेकांवर कशी उलटतात, हे त्या नाटकाइतके स्पष्टपणे मराठीत क्वचितच आले असेल. पण हे सारे मुंबईचे. महिन्याच्या मापावर उभे राहिलेले आपले महत्त्वाचे कथन म्हणजे भालचंद्र नेमाडे यांचे चांगदेव चतुष्टय, आणि माझ्या वर्गात अडचण उभी राहिली ती तेथे.

‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील इंग्रजीचा प्राध्यापक आहे. मुंबईतील मित्रमंडळ आणि आजाराचे सावट मागे टाकून तो एका गावाहून दुसऱ्या गावी, एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जात राहतो. खोली शोधणे, खाणावळ लावणे, संस्थाचालकांचे राजकारण, सहकाऱ्यांच्या गप्पा, परीक्षा, सुट्या, पुन्हा खोली सोडणे : नोकरीचे इतके तपशीलवार आवर्तन मराठी कादंबरीत यापूर्वी झालेले नव्हते. या लेखनावर पसरटपणाचा आक्षेप घेतला जातो तो मला मान्य नाही. ज्याला आपण पसरटपणा म्हणतो तो पगारी काळाचाच पोत आहे. महिन्यामागून महिना जातो आणि माणूस वयाने तेवढा वाढतो.

शीर्षकांकडे मात्र पुन्हा पाहावेसे वाटते. बिढार म्हणजे पाठीवर घेऊन हिंडायचे सामानसुमान. जरीला हा कापसाचा वाण. झूल पोळ्याला बैलाच्या पाठीवर चढते. सुटाबुटातल्या, मस्टरवर सही करणाऱ्या आयुष्यासाठी लेखकाला हे शब्द शेताशिवारातून आणि खेड्याच्या चालीरीतींतून आणावे लागले. देशीयतेची मांडणी करणाऱ्या लेखकाने असे करावे यात नवल नाही, असे म्हणून हा मुद्दा संपत नाही. महिन्याच्या मापाने जगणाऱ्या माणसाच्या सुखदुःखाला स्वतःची प्रतिमासृष्टी मराठीत नव्हती, म्हणून ती हंगामाकडून उसनी घ्यावी लागली, असे मला वाटते. झूल बैलाला वर्षातून एकदा मिळते आणि दुसऱ्या दिवशी काढून ठेवतात. नोकरदाराच्या पाठीवर ती कायमची असते, आणि तो तिच्याखाली घामाघूम होतो. ही प्रतिमा कथेहून अधिक बोलते.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात ‘झूल’ शिकवत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, दुसरी नोकरी हातात नसताना तो पहिली सोडते कसा?” सुटीत राइस मिलमध्ये पोती मोजणारा तो मुलगा होता. मी तेव्हा अस्तित्ववाद, परात्मता, व्यवस्थेशी असलेला तुटलेपणा असे जे सांगायचे ते सांगितले. मुलांनी लिहूनही घेतले. पण प्रश्न तसाच राहिला. चांगदेवाच्या भटकंतीचा सारा रूपबंध राजीनामा देता येण्याच्या शक्यतेवर उभा आहे. एकाकी, अविवाहित, पदवीधर पुरुषाला त्या काळात महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी नवी महाविद्यालये निघत असल्यामुळे ही शक्यता उपलब्ध होती. आपण तिला नायकाचा स्वभाव समजत आलो. ती एका पिढीची आर्थिक संधी होती, हे राइस मिलमधल्या मुलाला एका वाक्यात दिसले.

हाच प्रश्न घेऊन उद्धव शेळके यांच्या ‘धग’कडे (१९६०) वळले म्हणजे कौतिक वेगळी दिसू लागते. या कादंबरीविषयी लिहिताना ‘शोकात्मिका’ हा शब्द आपल्या लेखणीतून आपोआप उतरतो. मीही तो लिहिला आहे. नवरा महादेव निष्क्रिय, कौतिक जिद्दीची, दैव प्रतिकूल, अशी मांडणी केली की उत्तरपत्रिका पूर्ण होते. पण शोकात्मिकेला उंचावरून पडणे लागते. कौतिक कोणत्या उंचीवर होती? तिची उमेद उद्याच्या मजुरीच्या हिशेबातून उगवते आणि परवाच्या खर्चाने खचते, पुन्हा उगवते. शीर्षक ‘आग’ नाही, ‘धग’ आहे. जाळ एकदा होतो आणि संपतो, धग मात्र राखेखाली टिकून राहते. शेळक्यांनी वऱ्हाडी बोलीत जे साधले ते पतनाचे चित्र नाही, टिकून राहण्याचे आहे, आणि शेवट दुःखद असल्याने त्या टिकण्याचे मोल कमी होत नाही. आपण शेवटावरून मागे वाचत गेलो आणि मधली वर्षे हरवून बसलो.

आता आमच्या भागातल्या हंगामाविषयी. पावसाबरोबर पऱ्हे टाकायचे, चिखलणी, मग बायकांच्या रांगांनी होणारी रोवणी, हलक्या धानाची कापणी दिवाळीच्या आसपास, भारी धानाची त्यानंतर, मग मळणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपानांचे पुडके. मधल्या काळात ज्याला शक्य आहे तो नागपूरच्या बांधकामावर. या वर्षात एक फट आहे : धान घरात आले आहे आणि हाती थोडा पैसा आहे. त्या फटीत मंडई भरते, दंडार होते, आणि झाडीपट्टी रंगभूमी उभी राहते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून साधारण होळीपर्यंत रात्रभर चालणारी ही नाटके गावोगावच्या मंडळांकडून ठरवली जातात. अनेक कंपन्यांचा मुक्काम वडसा येथे असतो. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक असा जुना संकेत. २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आली तेव्हा त्या संकेताचा एक पाय लुळा पडला. २०२१ च्या अखेरीस परवानगी मिळाल्यावर तो पुन्हा उभा राहू लागला. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर पुण्यामुंबईच्या रसिकांना या रंगभूमीची विशेष ओळख झाली. एरवी तिच्याविषयी बोलायचे तर ‘भडक’, ‘मेलोड्रामा’, ‘अश्रुपाती’ ही विशेषणे तयार असतात.

ही विशेषणे खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. झाडीपट्टीचा कैवार घेणाऱ्यांत एक भाबडेपणा शिरलेला आहे. लोकांचे म्हणजे चांगलेच, असे समीकरण ते मांडतात. मला दिसते ते असे : रात्रभर उकिडवे बसून नाटक पाहणाऱ्या बायांची कंबर रोवणीने वाकलेली असते, पण रंगमंचावर रोवणी क्वचितच येते. तेथे वाडा असतो, सावत्र आई असते, परत येणारा मुलगा असतो, मधूनच विनोदी जोडी आणि नाचगाणे. म्हणजे संहितेत काम जवळजवळ नाही. संहितेचीच चिकित्सा करणारा अभ्यासक येथून रिकाम्या हाताने परततो, आणि त्याचा निष्कर्ष पूर्वनिश्चित असतो.

परंतु काम संहितेबाहेर, प्रयोगाच्या काळात आहे. या नाटकाची लांबी, त्याचा हंगाम, तिकिटाचा पैसा, लेकीजावयांचे येणे, त्या रात्रीत जुळणाऱ्या सोयरिकी हे सारे धानाच्या वर्षाने ठरवलेले असते. रोजच्या आवर्तनाने दमलेला प्रेक्षक येथे आवर्तनाचे चित्र मागत नाही. आवर्तनाला पडलेली एक गाठ मागतो. भडकपणा हा त्या गाठीचा रंग आहे. वास्तवदर्शी कादंबरी वर्षाच्या कोणत्याही संध्याकाळी एकट्याने वाचता येते, म्हणून तिला आवर्तन आतच घ्यावे लागते. झाडीपट्टीच्या नाटकाभोवती ते आधीच असते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचा आणि येथील लोकपरंपरांचा पाया घातल्यामुळे निदान सामग्री तरी आपल्यापुढे आहे. तिच्यावर काळाच्या अंगाने विचार व्हावयाचा आहे.

‘झूल’विषयी प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी पुढे माझ्याकडेच पीएच.डी. झाला. नेटही उत्तीर्ण आहे. गेली काही वर्षे तो दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो. शैक्षणिक वर्ष संपले की नेमणूक संपते, मानधन येते ते उशिरा आणि एकगठ्ठा, आणि धानाचा हंगाम सुरू झाला की तो तुमसरच्या बाजूला एका राइस मिलचे हिशेब सांभाळतो. मराठीचा प्राध्यापक आता महिन्याच्या मापातून सुटून तासाच्या मापावर आणि हंगामाच्या चक्रात आला आहे. चांगदेवाची झूल त्याच्या पाठीवर कधी चढलीच नाही. मागच्या दिवाळीत भेटला तेव्हा हसत म्हणाला, “सर, चांगदेव राजीनामा देते. मले तं कोनी काढत बी नाई, पुढच्या साली बोलावतच नाई.” काढणे ही घटना आहे, न बोलावणे ही घटना नाही. ती जून-जुलैमध्ये न वाजणाऱ्या फोनसारखी असते. ज्या कथनशास्त्राला घडणेच मोजता येते त्याला हे न घडणे कसे सांगता येईल, हे मला अजून नीटसे उमगलेले नाही. या आयुष्याची कादंबरी मराठीत माझ्या पाहण्यात आलेली नाही.

त्याच्या प्रबंधाचा विषय झाडीपट्टी नाटकांतील स्त्रीपात्रे असा होता. त्यात प्रयोगाचा हंगाम आणि प्रेक्षकांचे कामाचे वर्ष यांवर त्याने एक सबंध प्रकरण लिहिले होते, कोणत्या गावात कापणी कधी आटोपली आणि नाटक कधी ठरले याच्या तपशिलांसह. हे समाजशास्त्र झाले, वाङ्मयाचा विचार नव्हे, असे सांगून मी ते गाळायला लावले होते. कागद अजून घरी आहेत असे तो म्हणाला. मी ते मागवले आहेत.