तोळ्याला एक मासा कमी

माणसाला नावं ठेवायची म्हटलं की आपल्याला तराजू लागतो. अंगानं किरकोळ असेल तो 'छटाकभर'. प्रकृतीनं नाजूक असेल ती 'तोळामासा'. दुसऱ्याच्या तुलनेत कमी पडला तर तो त्याच्या 'पासंगालाही पुरत नाही'. अक्कल जास्त झाली तरी पुन्हा मापच, 'दीडशहाणा'. एक शहाणा चालतो, पाऊण शहाण्याची तर आपल्याला सवयच आहे. वरचं अर्धं तेवढं कोणाला सोसत नाही. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, शेर-छटाक मोडीत निघाले, किलो-ग्रॅम आले. पण 'पन्नास ग्रॅमचं पोरगं' असं कोणी म्हणत नाही. 'चारशेवीस'चंही तेच. दंडविधानातलं ते कलम १ जुलै २०२४ पासून गेलं, फसवणूक नव्या न्यायसंहितेत ३१८ व्या कलमात जाऊन बसली. आता कोणाला 'पक्का तीनशेअठरा आहे' म्हणून बघा. ऐकणाऱ्याला वाटेल, बसचा नंबर सांगतोय.

आमच्या जालन्याला लोक 'सोने का पालना' म्हणतात. पाळणा सोन्याचा म्हटल्यावर त्यात निजणाऱ्याचं वजनही सोन्याच्याच मापानं व्हायचं. तोळ्याचे मासे बारा. अकराच भरले तर माल खोटा. लग्नाबाहेर, त्यातून दोन जातींच्या आईबापांपोटी जन्मलेल्या पोराला मराठी मुलखानं या हिशेबानं 'अक्करमाशी' ठरवलं. हा कमी पडलेला मासा आजच्या मापात पुरता एक ग्रॅमही भरत नाही. तेवढ्यासाठी जन्मभराचा डाग!

शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली हाच शब्द आपल्या आत्मकथनाला नाव म्हणून दिला. आपल्याकडे पुस्तकाच्या नावासाठी चांदणं नाही तर मोगरा शोधायची रीत. इथं शिवीच मुखपृष्ठावर. त्याआधी लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) आलं होतं, नंतर लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' (१९८७) आलं. तिन्ही नावं लोकांनी दिलेली, लेखकांनी उलटी करून लोकांपुढे धरलेली. मला विचाराल तर तिघांत 'अक्करमाशी' सगळ्यात विषारी. 'उचल्या'त निदान काही केल्याचा आरोप तरी आहे. अक्करमाशीनं जन्माला येण्यापलीकडे काही केलेलंच नसतं. शिवाय शब्द कसा सभ्य! सराफाच्या पेढीवर, बायकापोरांसमोर खुशाल उच्चारावा. आणि गंमत म्हणजे तराजूत पोर बसतं, बाप नाही. तो गावात बारा मासे भरून मिशीला पीळ देत हिंडतो.

पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २००३ साली 'द आउटकास्ट' या नावानं निघाला. नाव वाईट नाही, पण त्यात तराजू हरवला. बहिष्कृत माणूस वेशीबाहेर असतो, तिथं निदान कोणी मोजत तरी नाही. अक्करमाशी उंबऱ्यावर उभा असतो आणि येणारा-जाणारा रोज त्याला तोलून बघतो.

आता यात जालन्याची स्वतःची भर ऐका. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं 'महिको' काढली आणि संकरित बियाण्यांनी गावाचं नाव देशभर नेलं. त्याच वर्षी संकरित ज्वारीचं पहिलं वाण देशात आलं. भाकरी पोटात गेली आणि शब्द तोंडात आला, 'हायब्रीड'! मोंढ्यातला म्हातारा हमाल आजही तरण्यांकडं बघून म्हणतो, "ह्या हायब्रीड पोरायच्यानं पोतं उचलतं व्हय?" आंतरजातीय लग्नाच्या लेकरालाही थट्टेत हेच विशेषण चिकटतं. अक्करमाशीचाच नातू, फक्त शाळेत जाऊन इंग्रजी शिकून आलेला.

एरवी संकराचा अर्थ या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. दोन वेगळे वाण एकत्र आले की पीक जोमदार येतं, हे इथल्या शेतकऱ्याला पुरतं ठाऊक. जूनमध्ये तो त्याच पिशवीसाठी दुकानापुढं रांगेत उभा राहतो, घासाघीस न करता पैसे मोजतो. कपाशीच्या सीड प्लॉटवर बाया एकेका फुलातले पुंकेसर काढतात, दुसऱ्या वाणाचे पराग हातानं लावतात. दिवसभर, फुलामागून फूल. मालक बांधावर उभा राहून सांगतो, "नीट लावा गं बायांनो, एक बी फूल सुटू नये." आणि संध्याकाळी तोच मालक पारावर बसून समोरून जाणाऱ्या पोराकडं हनुवटी करून शेजाऱ्याला विचारतो, "ह्याचा बाप कोण्या जातीचा म्हणला?"