फेंडरची विद्युत गिटार आणि बेस : रचनाविचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

विद्युत गिटारचा विचार करताना वादकांच्या कीर्तीपुढे वाद्याच्या रचनेमागील विचार झाकला जातो. प्रस्तुत लेखात लिओ फेंडर (१९०९-१९९१) यांच्या १९५० च्या दशकातील तीन वाद्यांची चिकित्सा केली आहे. या वाद्यांचे खरे मोल त्यांच्या दुरुस्तीसुलभतेत आहे आणि आजचा संग्राहकांचा बाजार नेमके तेच नाकारतो, हे येथे प्रतिपादन आहे.

दुरुस्तीची दृष्टी

फेंडर कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवीत. त्यांना गिटार वाजवता येत नसे; किंबहुना म्हणूनच ते वाद्याकडे जुळणी करता येण्याजोगे यंत्र म्हणून पाहू शकले. पोकळ पेटीची गिटार ध्वनिवर्धकासमोर घुमू लागे. भरीव लाकडाच्या धडाने तो दोष आटोक्यात आला. १९५० मध्ये आलेल्या आणि १९५१ पासून 'टेलिकास्टर' म्हणून ओळखल्या गेलेल्या गिटारमध्ये मेपलची दांडी सपाट धडाला चार स्क्रूंनी आवळलेली होती. दांडी झिजली तर तेवढीच बदलावी, हा त्यामागील हेतू. याउलट गिब्सन कंपनीने १९५२ च्या 'लेस पॉल' या भरीव गिटारमध्येही दांडी सरसाने जोडण्याची आणि धडाला कमानदार माथा देण्याची जुनी कारागिरी जपली.

अचूकतेचा दावा

१९५१ चा 'प्रिसिजन बेस' अधिक मूलगामी ठरतो. तोपर्यंत वाद्यवृंदातील खर्जाची बाजू प्रामुख्याने माणसापेक्षाही उंच, पडदे नसलेल्या डबल बेसकडे असे. त्याची ने-आण कष्टाची आणि विद्युत वाद्यांपुढे त्याचा आवाज दबणारा. फेंडर यांनी तारेची कंपनलांबी ३४ इंच ठेवून दांडीवर पडदे बसवले. 'अचूक' हे नाव त्यावरून पडले. मात्र चार तारांसाठी घोडीवर दोनच आधार असल्याने प्रत्येक तारेची लांबी स्वतंत्रपणे साधता येत नसे. चार स्वतंत्र आधार १९५७ मध्ये आले. दावा आधी आणि त्याची पूर्तता नंतर, असा हा क्रम आहे. तरीही ही सुधारणा शक्य झाली ती वाद्य सुट्या भागांचे होते म्हणूनच. पुढे मूळचे डबल बेस वादक असलेल्या जेम्स जेमर्सन यांनी मोटाउनच्या ध्वनिमुद्रणांत या बेसला केवळ पर्यायी वाद्य राहू दिले नाही.

वादकाचा सहभाग

१९५४ च्या 'स्ट्रॅटोकास्टर'च्या घडणीत फ्रेडी टावारेस या वादकाचा वाटा होता. धडाच्या कडा बरगड्यांना रुततात, या वादकांच्या तक्रारीतून त्याला अंगाबरोबर बसणारे उतार मिळाले. तीन पिकअपांपैकी एका वेळी एकच निवडण्यासाठी तीन स्थानांचा खटका होता. वादकांनी तो दोन स्थानांच्या मधोमध अडकवून दोन पिकअपांचा मिश्र नाद शोधला. कंपनीने पाच स्थानांचा खटका १९७७ मध्ये दिला. रचनाकाराच्या कल्पनेपलीकडील उपयोग सामावून घेणे, हे या रचनेचे बलस्थान होय. तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे : एकेरी वेटोळ्यांच्या पिकअपमधील गुणगुण कायम राहिली. गिब्सनच्या सेठ लव्हर यांनी दुहेरी वेटोळ्यांनी ती शमवली आणि असे पिकअप १९५७ पासून लेस पॉलवर बसू लागले.

समारोप

१९६५ मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. त्यापूर्वीची वाद्ये आज संग्राह्य मानली जातात. एखादा पिकअप बदलला वा धड पुन्हा रंगवले तरी त्यांची किंमत घसरते. जे वाद्य भाग बदलता यावेत म्हणून घडवले गेले, त्याच्यावर भाग न बदलण्याची अट लादली जावी, हा विरोधाभास केवळ बाजारापुरता नाही. वाद्याचे मूल्य त्याच्या अस्पर्श अवस्थेत की वाजते राहण्याच्या क्षमतेत, हा समीक्षेचाच प्रश्न आहे. फेंडर यांच्या रचनेने त्याचे उत्तर चार स्क्रूंतच दिले होते. दांडी बदललेली परंतु वाजती टेलिकास्टर ही काचेच्या कपाटातील अखंड टेलिकास्टरपेक्षा मूळ विचाराशी अधिक प्रामाणिक आहे, असा निष्कर्ष यातून निघतो.