डेम्लो संख्या: गंमत कुठे संपते, गणित कुठे सुरू होतं?

चिखलीत बी.एस्सी.च्या मुलांशी गप्पा मारताना एकाने विचारलं, "दादा, कापरेकरांच्या डेम्लो संख्यांवर संशोधन होईल का?" होईल, पण त्यांच्यावर जे लेख येतात त्या वाटेने नाही.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १, १२१, १२३२१ अशा संख्यांना नाव दिलं. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. नऊ एककांपर्यंत हा डोलारा टिकतो: १२३४५६७८९८७६५४३२१. लेख इथेच "आश्चर्य!" म्हणून थांबतात. दहा एकक घ्या, वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. हातचा आला आणि डोलारा मोडला. म्हणजे हा गुण संख्येचा कमी, दशमान लेखनाचा जास्त. हार्डी अशा अंकांच्या गमतींना गंभीर गणित मानत नसे. इथपर्यंत त्याचं बरोबर आहे.

पण प्रश्न बदलून बघा: नुसत्या एककांच्या संख्यांपैकी मूळ कोणत्या? न एककांच्या संख्येला र(न) म्हणू. न संयुक्त असेल तर र(न) ही संयुक्तच. १११११११ मध्ये नाही, पण ११११११ मध्ये दिसतं: १११ × १००१. उलट मात्र खरं नाही, १११ = ३ × ३७. पहिल्या पाच मूळ संख्या येतात न = २, १९, २३, ३१७ आणि १०३१ ला. अशा अनंत आहेत का, हा प्रश्न अजून खुला आहे.

र(१०३१) मूळ असल्याची सिद्धता विल्यम्स आणि डबनर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली. मेख शेजारच्या संख्येत आहे. र(१०३१) मधून १ वजा करा, उरतं १० × र(१०३०). १०३० = २ × ५ × १०३, म्हणून र(१०३०) चे बरेच अवयव आयतेच पडतात. पुरेसे अवयव हाती आले की मूळ संख्येचा मूळपणा सिद्ध करता येतो.

आता पाया १० ऐवजी २ घ्या. न एककं म्हणजे २ चा न वा घात वजा १, अर्थात मर्सेन संख्या. इथे १ मिळवला की निव्वळ २ चा घात, म्हणून ल्युकास-लेमर कसोटी चालते. २०२४ साली सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या याच घराण्यातली.

तेव्हा विषय निवडताना आधी पाया बदलून बघा. जे टिकेल त्यावर वर्षं घालवा. बाकीचं गॅदरिंगला सांगायला छान आहे.