उडदाचे तेल आणि वाळलेला दंड

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात उडीद हे खरिपाचे ओळखीचे पीक. संस्कृतात त्यालाच 'माष' म्हणतात, आणि हात वाळू लागला की वैद्य जे माषतेल सुचवतात ते याच उडदाचे. धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. नस्य, बस्ती हे शब्द येथे परके नाहीत. मानेचे मणके झिजून गेलेली हाताची शक्ती अशा उपचारांनी परतली, असे एकेका रुग्णाचे वृत्तांत आयुर्वेदाच्या नियतकालिकांत छापून येतात. ते कसे वाचावेत, एवढेच आम्हांला येथे पाहायचे आहे.

सुश्रुतसंहितेत 'अवबाहुक' सांगितला आहे: खांद्यातला वायू तेथील बंध सुकवतो, शिरा आखडवतो. निरीक्षण बारीक आहे. पण आज या एकाच नावाखाली खांद्याचा आखडलेला सांधाही येतो, मणक्यांमध्ये दाबलेले चेतेचे मूळही येते, आणि कधी खुद्द मेरुरज्जूवरचा दाबही. औषध कशावर चालले, हे मग कसे ठरवणार?

शिवाय, चेतामूळ दाबल्याने होणारी वेदना बहुतेकांत काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआपही ओसरते. खताचा प्रयोग करताना आपण एक कुंडी बिनखताची ठेवतो. एकाच रुग्णाच्या वृत्तांतात ती कुंडी नसते. (हा दोष केवळ आयुर्वेदाच्या नियतकालिकांचा नाही.)

दुखणे थांबणे आणि स्नायू भरणे यांतही अंतर आहे. तुटलेला चेतातंतू दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढतो. मान ते तळहात 70 सेंटिमीटर धरले, तर 700 दिवस होतात! तेव्हा वाळलेला तळहात महिन्याभरात भरला असे कोणी लिहिले, तर आम्ही आधी मोजमाप विचारू: 0 ते 5 या श्रेणीत ताकद किती होती, किती झाली? कोपरापासून ठरावीक अंतरावर दोन्ही दंडांचा घेर किती? 'रुग्णास बरे वाटले' हे मोजमाप नव्हे.

तेलाच्या मालिशीने, शेकाने आराम पडतो, तो कोणी नाकारत नाही. परंतु सदऱ्याची बटणे लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मेरुरज्जू दाबला जात असण्याची शक्यता असते. अशा वेळी बस्तीचे दिवस मोजत बसू नये, मान मोडून घेऊ नये. सोलापूर वा लातूर गाठावे लागले तरी मानेचा एमआरआय त्याच आठवड्यात करून घ्यावा. उशिराने दाब काढला, तरी गेलेली शक्ती पुष्कळदा पुरती परत येत नाही.